शंभर वर्षं झोपली, पण काळ सरलाच नाही

विश्रामबाग, सांगली

प्रिय वैशू,

फोनवर त्या विज्ञान कादंबरीबद्दल मी 'नाही जमलं गं' एवढंच म्हणाले आणि तू लगेच 'का?' विचारलंस. तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून आता सविस्तर लिहिते.

तिच्यात निद्रिस्त राजकन्येची गोष्ट अंतराळयानात नेलीय हे कळल्यावर मी केवढी हरखले होते! शंभर वर्षांची झोप आणि माणसाला गोठवून झोपवणारी शीतपेटी, किती छान जुळतं. प्रकाशाच्या चार टक्के वेगाने निघालं तर सूर्य सोडून सगळ्यात जवळच्या ताऱ्यापर्यंत पोचायला साधारण शंभर वर्षंच लागतात. पण लेखकाने हे काहीच वापरलेलं नाही. बटण दाबलं की ती झोपते, हिरवा दिवा लागला की उठते. पेशीतल्या पाण्याचा बर्फ होताना त्याचे स्फटिक पेशी फाडतात, खरी अडचण ती आहे. अलास्कातला एक बेडूक ती दरवर्षी सोडवतो. यकृतातली साखर रक्तात सोडतो, हृदय थांबवून हिवाळाभर गोठून पडतो आणि वसंतात उड्या मारायला लागतो. असं काहीतरी हवं होतं गं!

पण मला खरं लागलं ते वेगळंच. ही मुलगी शंभर वर्षांनी उठते आणि तिच्यासाठी काहीच बदललेलं नसतं. भाषा तीच, कपडे तेच. आईवडील गेले याचं दुःख जेमतेम दोन ओळींत उरकलंय, की लगेच लढाई सुरू.

फ्रेंच लेखक शार्ल पेरोची १६९७ची निद्रिस्त राजकन्येची गोष्ट पुन्हा वाच. राजकन्या जागी होते तेव्हा राज्यावर दुसरंच घराणं आलेलं असतं. तिचा पोशाख आपल्या आजीच्या काळातला आहे, तशीच उंच कॉलर आहे, हे राजपुत्राच्या लक्षात येतं, पण तो ते बोलून दाखवत नाही. जेवताना वादक शंभर वर्षांत कुणी न वाजवलेल्या चाली वाजवतात. ग्रिम बंधूंच्या कथेत तर भिंतीवरच्या माश्यासुद्धा झोपतात, आणि जाग आल्यावर आचारी पोऱ्याच्या थोबाडीत मारतो, शंभर वर्षांपूर्वी मारायची राहिलेली! काळ म्हणजे काय, हे त्या एका थपडेत जितकं आहे तितकं या जाडजूड कादंबरीत कुठेच नाही.

जुनी गोष्ट नव्याने सांगायला माझा विरोध नाही. आपल्याच गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं. सीतेचं लग्न कुणाशी होणार हे बघणाऱ्यांना ठाऊक नव्हतं थोडंच! पण गोष्टीतली मुख्य गोष्टच गाळून वर यान आणि रोबो चिकटवले, तर वाचणाऱ्याच्या हाती काय लागणार?

शेजारची सातवीतली पोरगी हे पुस्तक मागत होती. मी तिला आधी जुनी कथा वाचायला देणार आहे. तुझ्याकडची परीकथांची प्रत गणपतीत येताना घेऊन ये. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
मेधा