म्हशीची भूल कोण सांभाळणार? पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: पशुवैद्यकीय विशेषज्ञांची विषयनिहाय पदे आणि पशुवैद्यकीय परिचर्येचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम

सविनय नमस्कार,

सुरुवात म्हशीच्या डायफ्रॅगमॅटिक हर्नियापासून करतो. वैरणीतून तार किंवा खिळा पोटात जातो, म्हशीच्या चार पोटांपैकी दुसऱ्या पोटाला टोचतो, छाती आणि पोट यांमधला पडदा कमकुवत होतो. गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत किंवा विताना दाब वाढला की पडदा फाटतो आणि दुसरे पोट छातीत सरकते. म्हैस फुगते, औषधाने दोन दिवस बरी वाटते, पुन्हा फुगते. शेण कमी होते, दूध आटते. गावात पोटफुगीचेच उपचार चालू राहतात आणि आठ-पंधरा दिवस निघून जातात.

यावर इलाज शस्त्रक्रियेचाच, आणि तीही दोन टप्प्यांत. आधी डाव्या कुशीतून पोट उघडून चारा रिकामा करायचा, तारा-खिळे काढायचे. मग एक-दोन दिवसांनी म्हशीला पूर्ण भूल देऊन, उताणी पाडून पडदा शिवायचा. पडदा उघडा असतो तेव्हा छातीतला दाब जातो आणि म्हैस स्वतःचा श्वास घेऊ शकत नाही. ५०० किलोच्या म्हशीला एका श्वासाला साधारण ५ लिटर हवा लागते. घशात २५ मिलिमीटरच्या आसपासची नळी, तिचा फुगा नीट फुगवलेला, आणि टाके पूर्ण होईपर्यंत कोणीतरी मोजून श्वास देत राहायचे. फुगा सैल राहिला तर पोटातले पाणी उलटून फुप्फुसात जाते. मग पडदा कितीही सुबक शिवला असला तरी म्हैस चार दिवसांनी न्यूमोनियाने जाते.

इथे मुख्य हात दोन: पडदा शिवणाऱ्याचा आणि भूल सांभाळणाऱ्याचा. पहिल्याला आपली नोकरीची व्यवस्था विशेषज्ञ म्हणून ओळखत नाही आणि दुसऱ्याला तर ती नावानेही ओळखत नाही. हे पत्र या दोघांबद्दल आहे.

आधी पहिल्याबद्दल. पशुवैद्यकाची पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची. त्यापुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, एम.व्ही.एससी.: शल्यचिकित्सा व क्षकिरणशास्त्र, पशुप्रजनन व प्रसूतिशास्त्र, औषधवैद्यक, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि इतर विषय. नंतर हवी तर पीएच.डी. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि अकोला इथून दरवर्षी अशी माणसे बाहेर पडतात. पण पशुधन विकास अधिकारी, गट-अ, या पदाची किमान अर्हता पदवी आहे. पदव्युत्तर शिक्षण घेतलेला आणि न घेतलेला एकाच खुर्चीत बसतात, एकाच ज्येष्ठता यादीत उभे राहतात आणि एकाच पद्धतीने बदलतात. म्हणून शल्यचिकित्सा शिकलेला डॉक्टर अशा श्रेणी-१ दवाखान्यात सापडतो जिथे शस्त्रक्रियेचे टेबल नाही, क्ष-किरण यंत्र नाही, फक्त एक खोडा आहे. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली डॉक्टर पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात हवी, ती तालुक्याला कृत्रिम रेतनाचे आकडे भरते. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात यंत्र असते, तर ते चालवायला शिकलेला माणूस तीनच वर्षांत बदलून जातो. हात बसायला वेळ लागतो, उडायला लागत नाही.

बढतीचे तर आणखी विचित्र. पुढची पदे सहायक आयुक्त, उपायुक्त, सहआयुक्त अशी चढत जातात आणि ती बहुतेक कार्यालयीन कामाची आहेत. म्हणजे चांगला शल्यचिकित्सक जितका वर जाईल, तितका शस्त्रक्रियेपासून लांब जाईल. ज्याला हात सोडायचा नसतो, तो बढती टाळतो किंवा सरकारी नोकरीच सोडून पुण्या-मुंबईत कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात जातो. गेलेल्याला आम्ही दोष देत नाही. पण त्याच्या शिक्षणाचा मोठा खर्च जनतेच्या पैशातून झालेला असतो आणि लातूरच्या किंवा बुलढाण्याच्या म्हशीला त्याचा उपयोग होत नाही.

मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्हा सर्वचिकित्सालयात निदान तीन पदे विषय लिहून मंजूर करावीत: शल्यचिकित्सा, प्रजनन-प्रसूती आणि औषधवैद्यक. त्या पदांची भरती त्या विषयाच्या पदव्युत्तर अर्हतेवरच व्हावी आणि बदली एका सर्वचिकित्सालयातून दुसऱ्या सर्वचिकित्सालयातच व्हावी. शिवाय वेतनश्रेणीची एक स्वतंत्र शिडी असावी: विशेषज्ञ, वरिष्ठ विशेषज्ञ, मुख्य विशेषज्ञ. कार्यालयात न जाताही वर जाता आले पाहिजे. माणसांच्या आरोग्यसेवेत तज्ज्ञांची वेगळी पदे असतात. तशीच पदे जनावरांसाठी मागतो आहोत.

विद्यापीठाकडून, म्हणजे नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडून, आणखी एक गोष्ट हवी. एम.व्ही.एससी. ही मुळात संशोधनाची पदवी. दोन वर्षांत अभ्यासक्रम, प्रबंध, परीक्षा, आणि उरलेल्या वेळात ओपीडी. प्रबंध उत्तम असूनही विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने केलेली सीझर बोटांवर मोजण्याइतकी असू शकतात. भूलशास्त्राला तर वेगळा विषय म्हणून जागाच नाही, ते शल्यचिकित्सेच्या पोटात जाते. अमेरिकेत विशेषज्ञ होण्याची वाट साधारण अशी: पदवीनंतर एक वर्ष इंटर्नशिप, मग तीनेक वर्षे रेसिडेन्सी, त्यात ज्येष्ठाच्या देखरेखीखाली केलेल्या रुग्णांची नोंदवही, आणि शेवटी त्या शाखेच्या मंडळाची परीक्षा. तेवढे लगेच जमणार नाही. पण परळ, नागपूर आणि शिरवळ इथे पदव्युत्तर पदवीनंतरची दोन वर्षांची, विद्यावेतनासह निवासी प्रशिक्षणाची पदे सुरू करता येतील. अट नोंदवहीची ठेवावी: किती सीझर, किती पोटफाड, किती भुली स्वतः सांभाळल्या, किती रुग्ण गेले आणि का गेले. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच टाळला जाईल, म्हणून तो सक्तीचा करावा. अशी ओळख नसल्यामुळे आज शहरात कोणीही पाटीवर ‘त्वचारोग तज्ज्ञ’ किंवा ‘नेत्रतज्ज्ञ’ लिहू शकतो आणि कुत्र्याचा मालक ते खरे मानतो.

आता भूल सांभाळणाऱ्याकडे वळतो. याला गावात परिचर किंवा व्रणोपचारक (मलमपट्टी करणारा) म्हणतात, शहरातल्या दवाखान्यात हेल्पर, जुन्या सवयीने कंपाउंडर. बहुतेक जण कामावरच शिकलेले. कित्येक जण इतके तरबेज असतात की नवा डॉक्टर त्यांच्याकडूनच शीर शोधायला शिकतो. पण शिकवणारा कोण होता यावर सगळे अवलंबून राहते, आणि चूक कुठे होते हे कुणी लिहून ठेवत नाही.

दोन उदाहरणे देतो, दोन्ही रोजची. झायलाझिन हे गुंगीचे औषध घोड्याला शिरेतून किलोला १.१ मिलिग्रॅम लागते, गाईला त्याच्या एक दशांश. बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात: मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आणि १०० मिलिग्रॅम. ३०० किलोच्या गाईला ३० मिलिग्रॅम द्यायचे, म्हणजे पहिल्या बाटलीतून दीड मिलिलिटर. कपाटात बाटली बदलली आणि हात सवयीने दीडवरच थांबला, तर गाईला १५० मिलिग्रॅम जातात. गाय आडवी होते, पोट फुगते, श्वास मंदावतो. गाभण असेल आणि दिवस भरत आले असतील, तर तिचे वासरूही धोक्यात येते. दुसरे उदाहरण पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबाचा विषाणूजन्य रोग, झालेल्या कुत्र्याच्या पिल्लाचे. ५ किलोच्या पिल्लाला रोजच्या गरजेपुरते ३०० मिलिलिटर सलाईन, म्हणजे तासाला साडेबारा मिलिलिटर. मायक्रोड्रिप सेटला मिलिलिटरमागे ६० थेंब, म्हणून मिनिटाला बारा-तेरा थेंब. मायक्रो संपला म्हणून साधा सेट लावला आणि थेंब तेवढेच ठेवले, तर त्या सेटला मिलिलिटरमागे २० थेंब असल्यामुळे पिल्लाला तिप्पट पाणी जाते. पिल्लू बारीक, हृदय थकलेले, रात्रीची वेळ, बघणारे कोणी नाही. सकाळी सगळे म्हणतात, पार्व्होने गेले.

हे औषधनिर्माणशास्त्राचे गहन ज्ञान नव्हे. हे परिचर्येचे शिक्षण आहे. बाटलीवरचे अंक वाचणे, थेंबांचा हिशेब, दर पाच मिनिटांनी नाडी, श्वास, तापमान, हिरड्यांचा रंग लिहिणे. भुलीखालच्या गाईचा डोळा खाली वळलेला आहे की मध्ये आला, हे पाहणे. ऑटोक्लेव्हला १२१ अंश आणि १५ पाउंड दाब गाठल्यानंतरच वेळ मोजायला लागणे. बटण दाबल्यापासून मोजली की गाठोड्याच्या आतली साधने निर्जंतुक होत नाहीत. दुग्धज्वराच्या, म्हणजे व्याल्यावर कॅल्शियम कमी पडलेल्या, गाईला ४५० मिलिलिटर कॅल्शियमची बाटली आधी अंगाइतकी कोमट करून, कान हृदयावर ठेवून, पंधराएक मिनिटांत सोडणे, आणि ठोका अडखळला की लगेच थांबवणे. हे सगळे दोन वर्षांत शिकवता येते.

ब्रिटनमध्ये पशुवैद्यकीय परिचारिकांची नोंदणी होते आणि १९६६ च्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टाने त्यांना डॉक्टरच्या सांगण्यावरून औषधोपचार आणि शरीराच्या पोकळीत न शिरणारी छोटी शस्त्रक्रिया करता येते. आपल्याकडे माणसांच्या परिचारिकांसाठी १९४७ मध्येच भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. २०२१ चा संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा केंद्रीय कायदाही माणसांच्याच सेवेपुरता. जनावरांच्या परिचर्येला दोन्हींकडे जागा नाही. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्टचे छोट्या प्राण्यांचे मोठे रुग्णालय सुरू झाले. अशी रुग्णालये वाढत जाणार, आणि प्रत्येकाला आपापली माणसे शून्यापासून घडवावी लागणार. घडलेला माणूस नोकरी बदलतो तेव्हा त्याच्या हातात दाखवायला कागद नसतो.

इथे एक अवघड विषय टाळता येत नाही. परिचर्येचे नाव काढले की पदविकाधारकांच्या उपचाराच्या हक्काचा वाद लगेच पुढे येतो. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० प्रमाणे उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचे. लसीकरण, खच्चीकरण, मलमपट्टी यांसारख्या किरकोळ सेवा राज्याच्या आदेशाने पदविका-प्रमाणपत्रधारक देऊ शकतात, तेही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. प्रत्यक्षात श्रेणी-२ दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे असाच पदविका-प्रमाणपत्रधारक, वर्षानुवर्षे एकटा असतो. रात्री दोनला वासरू आडवे अडकले तर देखरेख कुठून आणायची? त्याने हात घातला तर बेकायदा, नाही घातला तर गावाचा राग. आमच्यात पशुवैद्यकही आहेत आणि पर्यवेक्षकही, त्यामुळे यावर आमचे एकमत नाही, आणि तसे भासवतही नाही. परिचर्येचा अभ्यासक्रम मात्र या वादात ओढू नये, एवढ्यावर एकमत आहे. परिचारक निदान करणार नाही, औषध लिहून देणार नाही. तो डॉक्टरच्या जागी बसत नाही, शेजारी उभा राहतो.

कायद्याची वाटही बंद नाही. पशुवैद्यकीय शिक्षण आणि व्यवसाय हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत, नोंद १५ मध्ये आहे. १९८४ चा अधिनियम पशुवैद्यकांच्या नोंदणीचा आहे, त्याला हात न लावता परिचारकांची नोंदवही राज्य उभी करू शकते. विधी व न्याय विभागाचे मत घ्यावे. पण मत मागवले म्हणून काम थांबू नये. नोंदवही होईपर्यंत विद्यापीठाने आपल्या छापाचे प्रमाणपत्र द्यायला हरकत नाही. बारावी विज्ञाननंतर दोन वर्षे: पहिले वर्ष महाविद्यालयाच्या रुग्णालयात, दुसऱ्या वर्षाचे सहा महिने मोठ्या जनावरांत आणि सहा महिने छोट्या प्राण्यांत. आज कामावर असलेल्या परिचरांना आणि व्रणोपचारकांना प्रात्यक्षिक परीक्षा देऊन आडव्या वाटेने प्रवेश द्यावा. दहावी नापास आहे म्हणून पंधरा वर्षांचा अनुभव फेकून देण्यात शहाणपण नाही.

पर्यवेक्षकांसाठीही पुढची पायरी हवी. जनावराच्या कानात बिल्ले मारणे, ‘भारत पशुधन’ या संगणकप्रणालीवर नोंद करणे, लाळ्या-खुरकूतची लस, नत्रपात्रातून गोठवलेल्या रेताची कांडी काढून ३७ अंशांच्या पाण्यात तीस सेकंद धरणे: या कामात एखादा वीस वर्षांत अतिशय तरबेज होतो आणि निवृत्त होताना जवळपास तिथेच असतो. १९६२ या दूरध्वनी क्रमांकाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकात एक पशुवैद्यक, एक सहायक आणि एक चालक असतो. त्या सहायकाच्या पदाला परिचर्येचे प्रमाणपत्र जोडले आणि त्यावर वेतनवाढ दिली, तर ही पायरी उद्या तयार होते.

शेवटची मागणी स्वस्त आहे आणि तिला समिती लागत नाही. सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलोसिसची, स्ट्रेन १९ लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना दिली जाते. ही जिवंत लस आहे. वासराने उसळी मारली आणि सुई बोटात गेली, तर टोचणाऱ्याला ब्रुसेलोसिस होऊ शकतो: महिनोन्‌महिने चढता-उतरता ताप, सांधेदुखी, आणि साध्या दवाखान्यात टायफॉइड समजून चाललेले उपचार. व्यालेल्या जनावराची वार काढतानाही तोच धोका. रेबीजचे तर सांगायलाच नको. लाळ गाळणाऱ्या गाईच्या घशात काही अडकलेय का, हे पाहायला हात कोण घालतो, हे आपण जाणता. म्हणून जनावराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला, पद कायम असो की कंत्राटी, रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस, वर्षातून एकदा ब्रुसेलाची रक्ततपासणी, लसीकरणाच्या पेटीत चष्मा आणि खांद्यापर्यंतचे हातमोजे द्यावेत. सुई टोचली तर त्याच दिवशी कुठल्या रुग्णालयात जायचे, हे पेटीच्या झाकणावर लिहिलेले असावे. पुढच्या लसीकरण फेरीच्या आधी हा आदेश निघावा.

कळावे,
आपले विश्वासू,
राज्यातील काही पशुवैद्यक, पशुधन पर्यवेक्षक आणि परिचर