ज्योती लांजेवार यांची कविता वाचकांपर्यंत पोहोचावी

महोदय,

नागपूरच्या कवयित्री व समीक्षक ज्योती लांजेवार (१९५०–२०१३) यांच्या ‘दिशा’ आणि ‘शब्द निळे आभाळ’ या संग्रहांची शहरातील दोन पुस्तकविक्रेत्यांकडे मी नुकतीच चौकशी केली, तेव्हा दोन्हीकडे नकारच मिळाला. दलित कवितेचा विषय निघाला की आपण ठरावीक पुरुष कवींचीच नावे घेतो. याच शहरात मराठी शिकवणाऱ्या या कवयित्रीचे नाव क्वचितच निघते, याचे मला मनापासून दुःख होते.

त्यांची ‘आई’ ही कविता इंग्रजी अनुवादातून परदेशी वाचकांपर्यंत गेली. जरीकाठाच्या साडीत जी कधी दिसलीच नाही, बाभळीला झोळी बांधून लेकराला निजवत आणि डांबराची पिंपे वाहत जी रस्त्याच्या कामावर राबली, तीच आई या कवितेत पदर खोचून, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा देत लाँग मार्चच्या अग्रभागी चालते आणि पोलिसांची लाठी झेलते. मायेचे गोडवे गाणाऱ्या आपल्याकडील असंख्य आईविषयक कवितांमध्ये अशी आई मला दुसरी भेटलेली नाही.

त्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे या मागणीसाठी निघालेला १९७९ चा लाँग मार्च दीक्षाभूमीच्या या शहराच्या स्मरणात आहे. त्या लढ्यातील स्त्रीला शब्द देणाऱ्या कवयित्रीची समग्र कविता एका खंडात प्रकाशित करण्याचे काम येथील विद्यापीठाने अथवा एखाद्या साहित्यसंस्थेने हाती घ्यावे, अशी विनंती आपल्या वृत्तपत्राद्वारे करीत आहे.

– एक वाचक, नागपूर