बाई, तुमच्या ओटीवरच्या शनिवारांसाठी

प्रिय बाई,
सप्रेम सलाम.

तुमच्यासमोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच चहा ठेवायला उठता, म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहितेय.

वेंगुर्ल्यात तुमच्या ओटीवर शनिवारी दुपारी वाचायला आणि गायला जी पोरं जमतात त्यात आमचीही दोघं आहेत. मोठी पहिल्यापासून वाचणारी, तिचं काही नव्हतं. धाकट्याचं मात्र जोडाक्षर आलं की गाडं अडायचं, कान लाल व्हायचे आणि मग पुस्तक बंद. शाळेत सांगितलं जास्त सराव घ्या, आम्ही घेतला, त्याने तो आणखीनच पुस्तकापासून पळायला लागला. तुम्ही त्याला एक शब्दसुद्धा वाचायला सांगितलं नाहीत. बायबलमधलं स्तोत्र 136 काढलंत. त्यात 26 वचनं आणि प्रत्येक वचनाच्या शेवटी तीच ओळ, देवाची दया सर्वकाळची म्हणून. वचन कोणीतरी एकाने वाचायचं आणि ती ओळ सगळ्यांनी मिळून पेटीवर गायची. धाकटा नुसती ओळ गायचा, पण पुस्तक उघडं आणि बोट ओळीखाली, हा तुमचा नियम. काही शनिवार गेले आणि एकदा त्याने आपणहून दोन वचनं घेतली. आणि ती कुठली, तर अमोऱ्यांचा राजा सीहोन आणि बाशानाचा राजा ओग! मोठी माणसंसुद्धा जिथे अडखळतात तिथे हा सुरात पुढे निघून गेला. मध्ये एकदा थांबला तेव्हा तुम्ही फक्त म्हणालात, "वाच रे बाबू, घाई नाय." मी मागे खांबाला टेकून बसले होते, मला पुढचं काही दिसेना.

तुम्ही तेव्हा मला समजावलं होतंत की हे काही तुमच्या डोक्यातून आलेलं नाही, फार जुनी रीत आहे. युरोपात मठांमध्ये आणि चर्चच्या शाळांमध्ये मुलं स्तोत्रं गात गात वाचायला शिकायची, आधी कान, मग डोळा. तिथला अभ्यास म्हणजे व्याकरण, तर्क, वक्तृत्व या तीन विद्या आणि त्यांच्यापुढे अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल या चार. संगीत गणिताच्या रांगेत बसलेलं बघून मला नवल वाटलं होतं, कारण आपल्याकडे संगीत म्हणजे गॅदरिंगचा विषय, वेळ उरला तर.

मग तुम्ही ती फळी आणलीत. लाकडाच्या फळीवर गिटारची एक तार ताणलेली, खाली मोजपट्टी चिकटवलेली, दोन टेकूंमध्ये बरोबर 60 सेंटिमीटर. मोकळी तार म्हणजे सा. 30 वर दाबली की वरचा सा. 40 सेंटिमीटर तार वाजवली की प आणि 45 वाजवली की म. मोठीने वहीत लिहून काढलं, अर्धा, दोन तृतीयांश, तीन चतुर्थांश, आणि जोरात ओरडली, "बाई, हे अपूर्णांक आहेत!" तुम्ही म्हणालात, हो, पायथागोरसच्या नावाने हेच सांगतात, आणि संत ऑगस्टीनने तर संगीतावर अख्खे सहा भाग लिहिले, त्यातले पहिले पाच छंद आणि मात्रांबद्दल. देवाने जग मोजून मापून केलंय हे पोरांना प्रवचनात नाही, तारेवर ऐकू आलं. मला वाटतं धर्मशिक्षण असंच असायला हवं.

पण माझं सगळ्यात मोठं देणं दुसऱ्याच गोष्टीचं आहे. हे शिक्षण तुम्ही परकं राहू दिलं नाहीत. इंग्रजी गाणी आणून पाठ करून घेणं सोपं होतं, बरेच जण तेच करतात. तुम्ही ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग घेतलेत. 1861 साली करजगावात जन्मलेला माणूस, तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आपलं वेंगुर्लंही त्यातच, हे ऐकून पोरं ताठ बसली. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’, येशूच्या जीवनावरचं काव्य, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं, आणि त्या लक्ष्मीबाई लग्नानंतर वाचायला शिकल्या, हे तुम्ही मुद्दाम धाकट्याकडे बघून सांगितलंत. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराणही दाखवलंत, जन्माने इंग्रज माणूस, 1616 मध्ये छापलं गेलेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या आणि त्या मराठीत! लोकांनी चर्चमध्ये बसून ऐकाव्यात म्हणून लिहिलेल्या. शेजारच्या वाडीत भजनाची डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा सामना, होता तेव्हा पोरांना म्हणालात, जा, ऐकून या, बुवा अभंगातला शब्द तोडतात की जपतात ते बघा. घरी येऊन दोघं त्यावरच भांडत होती.

आणि ते परत सांगणं. बायबलमधली एक गोष्ट एकदाच वाचायची, माशाच्या पोटात गेलेल्या योनाची म्हणा किंवा हरवलेल्या मेंढराची, पुस्तक मिटायचं आणि पोराने आपल्या शब्दात सांगायची. प्रश्न नाहीत, रिकाम्या जागा भरा नाही, तात्पर्य तर नाहीच. शार्लट मेसन नावाच्या शिक्षिकेचा यावर फार भर होता असं तुम्ही सांगितलंत. आमच्या धाकट्याच्या गोष्टीत योना आपल्या इथल्या निवतीहून होडीत बसतो, आणि तुम्ही त्याला एकदाही मध्ये अडवलं नाहीत.

हल्ली उपासनेत शब्द पडद्यावर येतात आणि मागे मोबाईलवरचा ट्रॅक, मुलांच्या हातात गीतांचं पुस्तकच नसतं. मला ते मनापासून खटकतं. आम्ही काही पालकांनी पाळकसाहेबांना विचारलंय की निदान पुढच्या दोन बाकांवर तरी पुस्तकं ठेवूया, मुलांसाठी. ते हो म्हणालेत. ही कल्पना तुमची, म्हणून तुम्हाला आधी कळवतेय.

तुम्ही कधी फी घेतली नाहीत, खाऊसुद्धा तुमचाच. पावसात लाईट गेली तर कंदील लावून वाचन चालू, घसा बसला तर नुसती पेटी चालू. बाई, मनापासून आभार. पेटीचा भाता फाटलाय असं मोठी सांगत होती, तो सावंतवाडीला नेऊन दुरुस्त करून आणायचं काम आमच्याकडे द्या. नाही म्हणू नका. येत्या शनिवारी हे गाडी घेऊन येतील.

तुमची,
धाकट्याची आई