सांगशाक राहून जाते

महोदय,

बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचा विषय निघाला की मणिपुरातले सांगशाक मात्र राहून जाते. मार्च १९४४ मध्ये चौथी मराठा पलटण ५० व्या पॅराशूट ब्रिगेडसोबत तिथे जपान्यांशी लढली. टेकडीवर पाणी नाही, काटेरी तार नाही. तीनेक फुटांवर कातळ लागल्याने खंदक उथळ राहिले. विमानांनी टाकलेली रसद बरीचशी जपान्यांच्या हाती पडली. २६ मार्चच्या रात्री उरलेले जवान जंगलातून इंफाळकडे निघाले. त्या मोहिमेत वाट दाखवायला, खबर द्यायला, जखमींना वाहून न्यायला नागा गावकरी पुढे आले. जळू ओढून काढली तर जखम चिघळते, हे आमच्या कणकुंबीच्या जंगलपट्टीतल्या माणसाला सांगायला नको. सपाटीवरच्या जवानाला मात्र जंगलातल्या अशा गोष्टी तिथल्याच कुणीतरी सांगाव्या लागतात. नागांच्या या मदतीवर आपल्या रविवार पुरवणीत एक लेख यावा.

– एक वाचक, खानापूर