दोन तारखांची वही

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

हे पत्र खरं तर घरी येऊन तुमच्या हातात द्यायला हवं होतं. पण समोर बसलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून इथे, सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मुंबईतलं विल्सन कॉलेज सुरू करणारे स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन म्हणजे माझ्यासाठी चौपाटीसमोरची दगडी इमारत होती. तिथे शिकले, कॉलेजच्या स्थापनेचं १८३२ हे साल पाठ झालं, पुढे काही नाही. त्यांच्या पत्रांवर लिहायचं मनात होतं. जॉर्ज स्मिथ यांनी १८७८ साली लिहिलेल्या चरित्रातले उतारे मी नुसतेच उतरवून काढत होते. तुम्ही माझे कागद बाजूला ठेवलेत, एक रेघी वही दिलीत आणि दोन रकाने पाडायला सांगितलेत. एकात पत्र लिहिलं कधी, दुसऱ्यात ते समोरच्याला मिळालं असेल कधी.

त्या दुसऱ्या रकान्याने माझं वाचनच बदललं.

विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा टपाल आफ्रिकेला वळसा घालून जायचं. जायलाच चार-पाच महिने. १८३० साली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली आणि जवळची वाट दिसू लागली, पण सुरुवातीच्या त्या वर्षांत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हाती यायला जवळजवळ वर्ष उलटायचं. घरी आजारपण कळवायचं, आणि "आता बरं आहे ना?" हे वाचेपर्यंत माणूस बरा तरी झालेला असायचा, नाहीतर गेलेला.

मार्गारेटबाईंकडे तुम्हीच मला वळवलंत. मी संस्थापकाच्या मागे होते. मराठी शिकून गिरगावात मुलींना शिकवणाऱ्या बाईंची पत्रं मी चाळून पुढे गेले होते. त्या १९ एप्रिल १८३५ रोजी मुंबईत वारल्या. ती तारीख मी वहीत लिहिली तेव्हा तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, "स्कॉटलंडला कळलं कधी असेल?" मी रकाना भरायला घेतला आणि हात थांबला. त्यांच्या नावाने तिकडून निघालेली पत्रं पुढे कितीतरी महिने इथे येत राहिली असणार. ती विल्सन यांनीच उघडली असणार. मग बायकोच्याच पत्रांतून आणि रोजनिशीतून त्यांनी तिचं चरित्र लिहिलं. त्या संध्याकाळी मी काहीच बोलले नाही, आणि तुम्हीही बोलायला लावलं नाहीत.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या मोरभट दांडेकरांशी झालेल्या वादातलं विल्सन यांचं लेखन वाचून मी चिडले होते. आमच्या घरातल्या देवांबद्दल ती भाषा मला सोसवेना, काम सोडायचं म्हणत होते. तुम्ही मला समजावलं नाहीत. राग वहीत लिहायला सांगितलात आणि पुढचं पान माझ्यासमोर ठेवलंत. त्यात गिरनार होतं. अशोकाच्या त्या शिलालेखाचा कापडावर घेतलेला ठसा विल्सन यांच्याकडून कलकत्त्याला, ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेला, आणि अशोकाचे लेख उलगडण्याच्या कामी आला. एकाच माणसाच्या टपालात हे दोन्ही असतं, हे मला पुस्तकाने नाही, तुम्ही शिकवलंत. माझा राग अजून आहे. तो वहीतही आहे.

छापील पत्र वाचताना "संपादकाने इथे काय गाळलं असेल?" हा तुमचा प्रश्न आता सवयीचा झालाय. जिथे उतारा मध्येच तुटतो तिथे मी पेन्सिलीने फुली करते. बऱ्याच झाल्या आहेत.

वही येत्या शनिवारी घेऊन येते. १८४३ पासूनचं, विल्सन स्कॉटलंडच्या मूळ चर्चमधून फुटून निघालेल्या फ्री चर्चमध्ये गेले तेव्हापासूनचं, सगळं अजून कोरं आहे. चहा मी करेन, तुम्ही फक्त चष्मा शोधून ठेवा.

तुमची,
शनिवारची विद्यार्थिनी