ओट्याचा रेट, आणि बाकीचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वास्तू पुरवणीत अंगणातल्या बांधीव स्वयंपाकघरावर लेख आला होता. फोटो देखणे होते. खर्चाबद्दल मात्र एकच ओळ होती, आणि तीही ओट्याच्या रनिंग फुटाच्या दराची. ती ओळ छापून आल्यापासून आमचा फोन थांबलेला नाही. माझे यजमान अलिबाग तालुक्यात बांधकामाची छोटी कामं घेतात. एस्टिमेट आणि बिलं लिहायचं माझ्याकडे असतं. चोंढी, किहीम, आवास या पट्ट्यात मुंबईकरांचे बंगले आधीपासून होतेच. २०२० साली मांडव्याला रो-रो (गाड्या घेऊन येणारी बोट) सुरू झाल्यावर शनिवार-रविवार गाडी घेऊन येणारे वाढले आणि ‘मागच्या बाजूला एक किचन करून द्या’ म्हणणारेही. आता ते विचारतात, “ओटा दहा फूट आहे, म्हणजे गुणिले दहा ना?”

नाही. माझ्या वहीत अशा कामाचा ओटा, दगड आणि सिंक मिळून बिलाचा तिसरा हिस्सा जेमतेम भरतो. बाकीचे पैसे जातात ते पाऊस, पाणी आणि वारा यांच्यापायी, आणि नेमक्या याच गोष्टी फोटोत दिसत नाहीत.

आमच्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि किनाऱ्यावर पुष्कळदा आडवा. म्हणून एस्टिमेटची पहिली ओळ छपराची असायला हवी. बारा बाय दहाचा चार इंची स्लॅब धरला तर चाळीस घनफूट काँक्रीट होतं. त्याला सिमेंटची नऊएक पोती आणि नव्वदेक किलो सळई लागते. शिवाय सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा), खांब, खांबांचा पाया. पत्रा किंवा मंगलोरी कौल स्वस्त पडतं, पण खालचा लोखंडी सांगाडा गॅल्वनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला) आहे की नुसता रेड ऑक्साइडचा रंग मारलेला, ते लिहून घ्यावं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात इथले पत्रे कसे उडाले ते ज्यांनी पाहिलं, ते पत्रा सांगाड्याला आवळणाऱ्या जे-हुकांच्या पैशावर घासाघीस करत नाहीत. दोन्ही बाजूंनी छप्पर दोन फूट पुढे काढा. तेवढंच वाचवायला जाल तर जुलैत गॅस पेटणार नाही.

सिमेंटचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून अठ्ठावीसवरून अठरा टक्के झाला, तेव्हा बजेट उतरवा, असंही काही जण म्हणतात. हिशेब करून बघा. सगळ्या कामाला वीस पोती धरली तरी फरक सहाशे रुपयांच्या आसपास. तेवढ्यात सिंकचा नळही येत नाही.

पाण्याचं तर कोणी विचारतच नाही. सिंक लावलं की त्याचं पाणी कुठेतरी जायला हवं. घरापासून नळाची लाइन आणायची, जांभ्यात चर खोदायचा (खाली कातळ लागला की मजुरी दुप्पट), तेलकट पाण्यासाठी ग्रीस चेंबर बांधायचा, पुढे शोषखड्डा. सेप्टिक टँकला जोडून मोकळं व्हायचा मोह होतो, पण तेलाचा थर साचून टाकी तुंबते. जोता घराच्या दिशेने नव्हे तर बाहेरच्या बाजूला उतरता हवा, हे गवंड्याला सांगावं लागू नये, तरी सांगावं.

आता दगड. दहा बाय दोनचा ओटा म्हणजे वीस चौरस फूट ग्रॅनाइट, असं गिऱ्हाईक धरतं. मागच्या भिंतीवरची दोन फुटी पट्टी धरली की तेच चाळीस होतात, त्यावर कापणीतली घट. कडेचं मोल्डिंग रनिंग फुटावर, सिंकचं आणि शेगडीचं कटिंग वेगळं. कडप्पा स्वस्त, पण तो चुनखडीचा दगड. लिंबाचे, कोकमाचे डाग त्यावर बसतात. खालच्या फळ्यांना मात्र कडप्प्यासारखं दुसरं काही नाही. तिथे मरीन प्लायची कपाटं सुचवली जातात. खाऱ्या हवेत आणि पावसात ती किती वर्षं टिकतील याची लेखी हमी मागा, मग बोलू. सिलिंडरचा कप्पा खालून मोकळा किंवा जाळीचा हवा, कारण गॅस हवेपेक्षा जड, तो गळला तर खालीच साचतो.

बिलात नुसतं ‘एस.एस.’ (स्टेनलेस स्टील) लिहिलेलं खपवून घेऊ नका. २०२ ग्रेडच्या स्टीलवर समुद्राजवळ एका पावसाळ्यात तांबडे ठिपके येतात. ३०४ बरं, आणि बंगला अगदी किनाऱ्याला असेल तर ३१६ च घ्यावं. लोहचुंबक लावून पारख करतात, पण २०२ लाही तो सहसा चिकटत नाही. विजेसाठी वेगळी लाइन, अर्थिंग, झाकणाचे सॉकेट आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) यांत काटकसर नको. ओल्या हाताने मिक्सर लावला जाणार आहे.

परवानगीचे पैसे आणि वेळही बजेटमध्ये धरा. किनाऱ्यावर भरतीरेषेपासून पाचशे मीटरच्या आत सीआरझेड (किनाऱ्यावरच्या बांधकामावर निर्बंध घालणारा नियम) लागू होतो, आणि हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागेत पक्कं छप्पर चालत नाही. शेजारी तक्रार करतोच.

एका गिऱ्हाइकाला ग्रॅनाइटवर पोपटीची सोय हवी होती. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, मडकं उपडं आणि भोवती पेटलेला गवतकाडीचा ढीग! ग्रॅनाइट तडकला असता. पोपटी शेतातच लावायची असते, तिला एक पैसाही लागत नाही. कायमचा विस्तव हवाच असेल तर अग्निविटांचा वेगळा कोपरा करावा.

पैसे कमी असतील तर पहिल्या वर्षी जोता, छप्पर, पाणी, निचरा आणि वायरिंग एवढंच करा, वर कडप्प्याचा साधा ओटा टाका. बांधीव बार्बेक्यू मागाहून बसवता येतो, जोत्याखालचा पाइप येत नाही. लमसम आकडा घेऊ नका, आयटमवार माप आणि दर मागा. आणि आपल्या पुरवणीत पुन्हा दर छापाल तेव्हा त्यात छप्पर आणि निचरा धरला आहे की नाही, एवढं कृपया छापावं.

शेवटचे दहा टक्के पहिला जोराचा पाऊस पडून जाईपर्यंत कंत्राटदाराला देऊ नका. हे छापलंत तर घरी काही दिवस माझ्याशी कोणी बोलणार नाही, पण छापा.

आपली,
एक वाचक, चोंढी (ता. अलिबाग)