आई-बाबांचं जेवण कुठे करायचं?

ती. दादास,
सा. नमस्कार.

आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होताहेत, त्या जेवणासाठी तू पाठवलेली सांगलीतल्या चारही हॉटेलांची नावं आणि फोटो पाहिले. फोनवर सगळे एकदम बोलतात आणि मुद्दा राहून जातो, म्हणून सविस्तर लिहिते. वहिनीलाही वाचायला दे. आई-बाबांना मात्र इतक्यात काही कळू देऊ नकोस.

माझं मत आधीच सांगून टाकते. बाबांना समोरच्याचं बोलणं ऐकू येईल अशी जागा हवी. बाकी सगळं त्यानंतर.

काकांच्या साठीचं जेवण आठवतं ना? हॉल झकपक होता, जेवणही बरं होतं. पण खाली गुळगुळीत फरशी, तीन बाजूंना काच आणि कोपऱ्यात स्पीकर. गाणी लागली की माणसं आवाज चढवतात, माणसांचा आवाज चढला की गाणी आणखी मोठी होतात. बाबांनी पहिली पोळी संपायच्या आत कानातलं मशीन काढलं, रुमालात गुंडाळलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवून दिलं. ते मशीन बोलणं मोठं करतं तसा ताटवाट्यांचा खणखणाटही मोठा करतं. शेजारी बसून आत्या त्यांना गावाकडचं काहीतरी सांगत होती आणि ते नुसती मान हलवत होते. ज्यांच्या पन्नास वर्षांच्या संसारासाठी आपण सगळे जमणार, त्यांनीच ताटाकडे बघत बसायचं, हे मला सहन होणार नाही.

म्हणून विश्रामबागेतलं ते नवीन, काचेचं हॉटेल नको. फोटोत शांत दिसतं, कारण फोटो रिकाम्या हॉलचे आहेत. कुठलंही ठरवण्याआधी रविवारी रात्री ऐन गर्दीत तिथे जाऊन बस, वहिनीला समोर बसव आणि नेहमीच्या आवाजात बोलून बघा. जाड पडदे, गादीच्या खुर्च्या असल्या की आवाज पुष्कळ मुरतो. बाबांची खुर्ची भिंतीला पाठ लागेल अशी, स्वयंपाकघराच्या दारापासून लांब हवी. आणि आपण सातलाच बसू. आई-बाबांची जेवायची वेळही तीच, आणि नऊची गर्दी सुरू होईपर्यंत आपलं गोडापर्यंत येईल.

मिरज रोडचं गार्डन मलाही आवडतं. पण मे महिना आहे, दादा. दिवसभर तापलं की संध्याकाळी वळीव कधी गाठेल सांगता येत नाही. तीसेक माणसांची ताटं उचलून पळायचं कुठे? आतला हॉल आपल्यासाठी राखून ठेवणार असतील तरच विचार करू, आणि लग्नसराईत ते कबूल करतील असं वाटत नाही. बायपासचं लांब पडतं, मंडळींना रात्री परत यायचंय. ते सोडून दे.

राहिलं मारुती रोडजवळचं जुनं शाकाहारी हॉटेल. माझा जीव तिथेच आहे. तळमजल्यावर असल्यामुळे बाबांच्या गुडघ्यांना जिना नाही. शिवाय आई गणपतीला नमस्कार केल्याशिवाय जेवायला बसणार नाही. देवळातून निघालं की पाच-दहा मिनिटांत आपण ताटावर. फक्त कमोड आहे का आणि लाइट गेली तर जनरेटरवर पंखे चालतात का, एवढं बघून ये.

शाकाहारी म्हटल्यावर साताऱ्याची मंडळी नाराज होतील हे मला माहीत आहे. पण मिरजेची मावशी कांदा-लसूणही खात नाही. मटणाच्या हॉटेलात तिला कोपऱ्यात वेगळं टेबल द्यायचं, हे आईला अजिबात रुचणार नाही. बहीण आहे तिची. दुसऱ्या दिवशी आपल्या घरी मटण करू, तांबडा-पांढरा सगळं करू, आत्याला पोटभर वाढू. वार तेवढा बघून घे. गुरुवार-शनिवार आला तर निम्मे लोक खाणार नाहीत.

आता ओवीचं. तिच्या शेंगदाण्याच्या ॲलर्जीची मला सगळ्यात जास्त धास्ती आहे. इथे युरोपात नियमच आहे, शेंगदाण्यासकट चौदा घटकांपैकी पदार्थात काय आहे ते हॉटेलने सांगायलाच हवं. म्युनिकच्या हॉटेलांत मेनूकार्डावर पदार्थापुढे बारीक अक्षरं छापलेली असतात आणि त्यांचा अर्थ शेवटच्या पानावर दिलेला असतो. आपल्याकडे २०२० च्या नियमांनी मेनूवर अशी माहिती द्यायचं बंधन घातलंय, पण ते मोठ्यांना, म्हणजे केंद्रीय परवानावाल्यांना किंवा दहा आणि त्याहून जास्त शाखा असलेल्यांना. मारुती रोडवरच्या हॉटेलात ती माहिती आपणच काढायची. गल्ल्यावरचा माणूस "काही नाही हो त्यात" म्हणून मोकळा होईल. तू आत जाऊन आचाऱ्यालाच विचार. भरल्या वांग्यात कूट, कोशिंबिरीत कूट, ठेच्यात दाणे, आणि फोडणी कुठल्या तेलाची? तिचा वरण-भात, बटाट्याची भाजी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डावाने करून द्यायला ते तयार असतील तर ठीक. जरा जरी कां-कूं केलं तर तिचा डबा घरून न्यायचा, आणि तिचं औषध वहिनीच्या पर्समध्ये हवंच.

जेवणात आमरस हवा, बाबांसाठी. साखर घालू नका म्हणावं. भाज्या दोनच ठेवा पण ताज्या, आणि एक तरी कमी तिखट. पनीरचे चार प्रकार कुणी मागितलेले नाहीत. किती ताटं धरणार, कमी माणसं आली तर किती ताटांचे पैसे लावणार, हे ॲडव्हान्स देताना पावतीवर लिहून घे. पाच टक्के जीएसटी लागेल तो द्यायचा. पण बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप जोडलेला असला तर काढायला सांग. २०२२ पासून केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाने ते बंद केलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही ते कायम ठेवलं. वाढणाऱ्या पोरांना बक्षीस आपण हातात देऊ, चांगलं देऊ.

पैशांचं आपण निम्मं-निम्मं करू, यावर वाद नको. आचाऱ्याशी बोलणं झालं की कळव, मी त्याच दिवशी ॲडव्हान्सची रक्कम पाठवते.

वहिनीला नमस्कार, ओवीला पापा.

तुझी,
सुमी